घोड्याचा घाणा: मंगळवार पेठेतला दीड तास आणि सहाशे रुपये

"काका, घोडा ई३ ला का न्हाई घेतला? ड्रॉ होता की."

हे मला बुद्धिबळाच्या गेममध्ये मला हरवल्यावर एका दहा वर्षांच्या पोरानं विचारलं, ते पण स्कोरशीटवर, म्हणजे चाली लिहायच्या कागदावर, सह्या झाल्यावर, माझं पेन मला परत देताना. पोरगं इचलकरंजीचं, पट नीट दिसावा म्हणून अख्खा गेम खुर्चीवर गुडघे मोडून बसलेलं, आणि तोंड बघून कळत होतं की खवचटपणा नाहीये, त्याला खरंच प्रश्न पडलाय. मी म्हटलं, अरे बाळा टाइमच नव्हता. साफ खोटं. नव्वद मिनिटं अधिक तीस सेकंदाचा गेम होता, माझ्या घड्याळात दोन मिनिटं शिल्लक होती आणि दर चालीला तीस सेकंद वर पडत होते. टाइम होता, अक्कल नव्हती.

तर त्या एका प्रश्नापायी मी मंगळवार पेठेतल्या एका सरांकडं जाऊन आलो, त्याचा हा रिव्ह्यू. सरांचं नाव लिहीत नाही कारण त्यांनीच सांगितलंय लिहू नका म्हणून, दारावर पाटी पण नाही. पण कोल्हापुरात रेटेड टुर्नामेंट खेळणाऱ्या कुणालाही "साखर कारखान्यातनं रिटायर झालेले, एंडगेमवाले" (एंडगेम म्हणजे थोड्याच सोंगट्या उरल्यावरचा खेळ) एवढं विचारलं तर पत्ता मिळतो, मला असाच मिळाला.

आधी क्लास काय आहे ते सांगतो कारण मी पण गैरसमज करून गेलो होतो. ही बॅच नाही. ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या चाली, शिकवत नाहीत, विचारलं तर हात जोडतात. आपण आपला एक हरलेला किंवा हातातनं घालवलेला गेम घेऊन जायचा, स्कोरशीटची झेरॉक्स नाही, ओरिजिनल, कारण कुठं खाडाखोड झालीय आणि कुठं अक्षर थरथरलंय ते त्यांना बघायचं असतं. वजीर पटावरनं गेल्यानंतरचाच भाग बघतात. दीड तास, सहाशे रुपये. दारात एक पितळी डबा ठेवलाय, त्यात मोबाईल टाकायचा आणि मग आत. मला पहिल्यांदा वाटलं हे जरा जास्तच होतंय, पण नंतर पटलं, ते पुढं येतंय.

माझा गेम असा होता. पट असला तर मांडून बसा, शेवटाला चारच सोंगट्या आहेत (पांढऱ्याच्या बाजूनं उभ्या रांगा डावीकडनं ए ते एच, आडव्या खालनं १ ते ८). मी पांढरा. माझा राजा बी७ वर, घोडा एफ१ वर. त्या पोराचा राजा एफ३ वर आणि एक प्यादं एच३ वर. चाल त्याची. त्याच्या आधीच्या चालीला मी बी प्यादं सातव्या घरात ढकललं होतं आणि त्यानं शांतपणे आपला घोडा देऊन ते खाल्लं होतं, मी राजानं घोडा मारला, म्हणजे आता माझ्याकडं एक घोडा जादा. आणि हा गेम मी हरलो! दुकानात पोरांना सांगितलं तर कुणाला पटेना, घोडा जास्त असताना कसं काय हरला म्हणून. आमचं शाहूपुरीत मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, तिथं दुपारी जेवणानंतर दोन पट मांडलेले असतात, त्यामुळं सगळ्यांना सगळं कळतंय.

पुढं गेलं ते असं. त्यानं राजा एफ२ ला आणला, माझ्या घोड्याच्या अंगावर. मी घोडा एच२ ला. इथपर्यंत बरोबर होतं, दुसरीकडं कुठंही गेलो असतो तर संपलो असतो. त्यानं राजा जी२, परत अंगावर. मी घोडा जी४. हे पण बरोबर, आणि हे पण एकमेव. त्यानं राजा जी३. आता घोडा परत मारात आहे आणि हलवायलाच पाहिजे. एच२ ला परत गेलो तर राजा खातोय. ई३ मला दिसलं होतं, शपथेवर सांगतो दिसलं होतं, पण ई३ वरनं एच२ वर घोड्याची नजर पडत नाही, मग प्यादं एच२ ला येणार, पुढच्या चालीला वजीर, असा हिशोब मी केला आणि ते घर सोडून दिलं. त्याऐवजी घोडा एफ६ ला नेला, म्हटलं प्यादं एच२ ला आलं की ई४ वरनं शह देऊ, मग काहीतरी निघेल. प्यादं आलं. मी शह दिला. पोरानं राजा जी२ ला ठेवला आणि झालं, एफ२ आणि जी३ दोन्हीकडं राजा टपून बसलेला, एच१ थांबवायला घोड्याला एक घर नाही. "काहीतरी निघेल" हा आपला सगळ्यांचा आवडता डाव आहे आणि त्यातनं कधी काही निघत नाही.

घरी येऊन फोनवर टाकलं. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर फुकटात टेबलबेस आहे हे बऱ्याच जणांना माहीत असेल, नसेल तर सांगतो, पटावर राजे धरून सात किंवा त्यापेक्षा कमी सोंगट्या उरल्या की तिथं अंदाज वगैरे नसतो, उत्तर आधीच काढून ठेवलेलं असतं. सिझिगी म्हणतात त्याला, रोनाल्ड डी मान नावाच्या माणसानं बनवलेलं, सात सोंगट्यांचं काम २०१८ मध्ये पूर्ण झालं आणि सगळं मिळून सतरा-अठरा टेराबाइट डेटा आहे. तर त्यानं एका सेकंदात सांगितलं, जी४ वरनं घोड्याला जायला सहा घरं, पाच घरांवर हार, एका घरावर बरोबरी, ई३. बरं. पुढं? पुढं काही नाही. का बरोबरी, ते मी तीन आठवडे चाली पुढंमागं करून बघत होतो आणि दर वेळेला "हां कळलं" म्हणून झोपायचो आणि सकाळी दात घासताना परत तिथंच. त्यात टेबलबेसचा दोष नाही, त्याचं काम उत्तर देणं आहे, आपल्या डोक्यात घुसून काय चुकलं ते बघणं नाही.

सरांनी नेमकं तेच केलं.

गेल्यावर पहिले त्यांनी स्कोरशीट बघितलीच नाही, उलटी घालून ठेवली, आणि मला म्हणाले मांडा. मी मांडलं. मग म्हणाले, "राजा जी३ ला आला. आता तुम्हाला भ्या कशाचं वाटलं ते सांगा. चाल नको, भ्या सांगा." मला आधी कळेना काय उत्तर द्यावं, दहा-बारा सेकंद गप्प बसलो, मग म्हटलं सर, प्यादं एच२ ला येतंय याचं. ते म्हणाले, मग येऊ द्या, आणि घोडा ई३ ला ठेवून स्वतःच प्यादं एच२ ला ढकललं आणि हाताची घडी घालून बसले. बघतोय तर घोडा एफ१ ला शह! राजा जी३ वर आणि प्यादं एच२ वर, दोन्हीवर एकदम. राजा कुठंही जाऊ दे, घोडा प्यादं उचलतोय, मग राजानं घोडा मारला तर मारू दे, पटावर नुसते दोन राजे. म्हणजे ज्या चालीला मी घाबरत होतो ती चाल त्याला खेळताच येत नव्हती. तीन आठवडे फोनवर हीच लाइन मी कमीत कमी पन्नास वेळा बघितली असेल हो, पण माझ्या डोक्यात एच२ म्हणजे शेवट असं पक्कं बसलं होतं त्यामुळं एफ१ चा शह मी "शेवटचा प्रयत्न" म्हणून बघत होतो, जाळं म्हणून नाही.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला आयुष्यभर पुरेल. "तुम्ही घोड्याला वॉचमन समजालाय. गेटवर उभा केला की झालं. घोडा वॉचमन न्हाई, घाण्याचा बैल हाय. फिरत ऱ्हायला तरच रस निघतोय."

आणि घाणा म्हणजे खरंच घाणा. एफ१, एच२, जी४, ई३, परत एफ१. चार घरं. पटावर बोट फिरवून बघा, चारी उड्या घोड्याच्या आहेत आणि चौकोन तिरका पडतो. राजा ई३ वर धावून एफ३ ला आला, घोडा एफ१. राजा एफ२, घोडा एच२. राजा जी२, घोडा जी४. राजा जी३, घोडा ई३. काळा राजा मागं मागं आणि घोडा पुढं पुढं. या चारातल्या तीन घरांवरनं घोडा एच२ वर एकतर थेट नजर ठेवतो नाहीतर स्वतःच तिथं बसलेला असतो, आणि चौथ्या घरावरनं, ई३ वरनं, नजर नसते पण फोर्क, म्हणजे एकाच उडीत दोघांवर मार, असतो. माझी चूक त्या चौथ्या घरावर झाली, आणि सर म्हणाले ह्या पटात सगळ्यांची तिथंच होते कारण तेवढं एकच घर बघून पटत नाही.

मग पुढची वीस मिनिटं त्यांनी मला खरोखर घाण्याला जुंपलं. ते राजा चालवणार, मी घोडा, घड्याळ लावून, प्रत्येकाला एक एक मिनिट. पहिल्या चार फेऱ्या सरळ गेल्या. पाचव्या फेरीला घोडा ई३ वर असताना त्यांनी राजा एफ३ ऐवजी एफ४ ला नेला आणि मी गडबडलो, घोडा जी४ ला घातला, राजा शेजारी उभा, उचलला त्यांनी. "आता काय झालं?" मी म्हटलं वेगळी चाल आली. "वेगळी कुठली? घोड्याच्या अंगावर आला की पुढचं घर, एवढंच हाय की." खरंच, एफ१ ला गेलो असतो तर तसंच होतं. उलट तिथनं राजा एफ३ ला आला तर घोडा मारात नसतो आणि मला एक चाल फुकट मिळते. त्या फुकटच्या चालीत माझा राजा बी७ वरनं सी६ ला निघतो. अशा दोन-तीन फुकट चाली मिळाल्या की राजा घरी पोचतो, मग घोड्याला एकट्याला फिरायचं पण कारण नाही. हे टेबलबेसवर चाली दाबून कळत नाही, समोर कुणीतरी दात ओठ खाऊन राजा आणायला लागतो.

एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली ती इथं पण लिहितो, नाहीतर कुणीतरी वाचून जाऊन हरेल आणि मला शिव्या घालेल. हा घाणा प्यादं एच३ वर आहे तोवरच. तेच प्यादं आधीच एच२ वर पोचलेलं असेल आणि आपला राजा लांब असेल तर एकटा घोडा धरू शकत नाही, कारण पुढचं घर कोपऱ्याचं आहे आणि कोपऱ्यात घोड्याला फिरायला जागाच नाही. मधल्या प्याद्यांना सातव्या घरात, म्हणजे वजीर व्हायच्या एक घर आधी, पण घोडा एकटा पुरतो, कडेच्या प्याद्याला पुरत नाही. कडेचं प्यादं घोड्याचा जन्माचा वैरी.

इथपर्यंत चाळीस मिनिटं झाली होती आणि माझे पैसे वसूल झाले होते, मी मनातल्या मनात उठायच्या तयारीत. मग त्यांनी स्कोरशीट सरळ केली, चष्मा लावला, आणि बोट मागं मागं नेत एका चालीवर थांबवलं. "हे अक्षर बघा."

खरंच, तिथं माझं अक्षर बदललं होतं. त्या जागी पट असा होता. माझा राजा सी५, प्यादं बी५, घोडा ई४. पोराचा राजा जी६, प्यादं एच५, आणि त्याचा घोडा नुकताच एफ६ ला आला होता, माझ्या घोड्यासमोर छाती काढून. मला वाटलं मारायला आलाय, मारला की वर शह पण बसतोय, म्हणून मी माझा घोडा जी३ ला पळवला, वर एच५ च्या प्याद्यावर नजर, म्हटलं बघा कसा हुशार. "मारला का न्हाई?" म्हटलं सर, मारला असता तर त्याच्या राजानं माझा घोडा मारला असता, मग नुसती प्यादी, त्याचं कडेचं प्यादं पळालं असतं, रिस्क होती. सर म्हणाले, मोजा.

मोजलं. घोडा मारला एफ६ वर, राजानं मारला. आता चाल माझी. बी६, एच४. बी७, एच३. बी८ ला वजीर. त्याचं प्यादं अजून एच३ वर, आणि माझा बी८ चा वजीर तिरका खाली एच२ पर्यंत बघतोय. प्यादं पुढं आलं तर वजीर खातोय, नाही आलं तर वजिराला सगळा दिवस पडलाय. त्याचा राजा एफ६ वरनं माझं प्यादं धरायला गेला तर एक घर कमी पडतंय. तीन चाली मोजायच्या होत्या फक्त. तीन! गेम तिथंच संपला होता. आणि मी घोडा पळवून पुढं वीस चाली रडतराऊत होऊन शेवटी घाण्यापाशी पोचलो आणि तिथं पण चुकलो.

घोड्यांचा एंडगेम म्हणजे प्याद्यांचाच एंडगेम, असं माजी जगज्जेत्या बॉटविनिकचं मत होतं असं सांगतात. हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय, दुकानात दुसऱ्यांना सुनावलंय पण. त्याचा अर्थ काय ते त्या दिवशी कळलं. लांबचं पुढं गेलेलं प्यादं, आधी पोचणारा राजा, कोण एक चाल पुढं आहे, हे जे प्याद्यांच्या एंडगेममध्ये मोजतो तेच इथं पण मोजायचं, आणि मधनंच एखादी अशी चाल येते की दोन्ही घोडे पटावरनं जातात आणि नुसता हिशोब उरतो. तेव्हा हिशोबाला भिऊन घोडा जवळ धरला की गेलं. सर कुस्तीचं उदाहरण देतात, खासबागेच्या मैदानाजवळ वाढलेला माणूस, दुसरं काय देणार. समोरचा स्वतःहून पटात आलाय, आणि तुम्ही मागं सरकून लंगोट सावरत बसलाय.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक केलं तर कुणी म्हणेल नात्यातले आहेत.

एक म्हणजे वेळ. साडेपाचला बोलावलं आणि सहा वाजून दहा मिनिटांनी सुरू झालं कारण आधीच्या पोरीचा हत्तीचा एंडगेम संपत नव्हता. बाहेर जिन्यात बसायला एक स्टूल, त्यावर आधीच कुणाचं तरी दप्तर. दिव्या देशमुखनं २०२५ च्या जुलैत बाटुमीला महिलांचा वर्ल्ड कप मारल्यापासून आपल्याकडं लहान पोरींची गर्दी वाढलीय हे चांगलंच आहे, पण मग वेळा नीट द्याव्यात की. फोन उचलत नाहीत, मेसेज बघतात पण उत्तर म्हणून नुसता अंगठा येतो, आणि तो अंगठा "या" आहे का "बघितलं" आहे ते आपण समजून घ्यायचं. मी एकदा अंगठा बघून गेलो तर दाराला कुलूप.

दुसरं, विषय सोडून जातात. दोन घोड्यांनी एकट्या राजाला जबरदस्तीनं मात देता येत नाही हे सांगता सांगता, पण समोरच्याकडं एक प्यादं असेल आणि ते फार पुढं गेलेलं नसेल तर मात होते कारण मग पॅट (शह नसताना हलवायला काहीच नसणं, म्हणजे बरोबरी) होत नाही, त्याला हलवायला प्यादं असतं, इथपर्यंत ठीक, मजा आली, पण तिथनं ते एंडगेमची कोडी रचणाऱ्या ट्रॉइट्स्कीवर गेले, ज्यानं प्यादं कुठपर्यंत आलं तरी जमतंय त्याची रेघ आखून ठेवली, मग तो १९४२ साली लेनिनग्राडच्या वेढ्यात कसा गेला, मग तिथनं साखर कारखान्यातला १९८० च्या आसपासचा कुठलातरी गळीत हंगाम. पंधरा मिनिटं. ऐकायला भारी वाटतं, पण मीटर माझा चालू आहे ना सर.

तिसरं, काही लिहून देत नाहीत. नोट्स नाहीत, पीडीएफ नाही, मोबाईल डब्यात. मी पहिल्या दिवशी हाताच्या तळव्यावर चार घरं लिहून आणली, दुकानात ग्रीस लागून पुसली. वही घेऊन जा, आणि पेन्सिल पण, त्यांच्याकडची पेन्सिल बोटाएवढी आहे.

आणि अगदी नवीन खेळणाऱ्यानं जाऊ नये. त्यांना नोटेशन, म्हणजे चाली लिहायची पद्धत, सांगायचा कंटाळा येतो, आवाज चढतो. माझ्या भाच्याला नेणार होतो, नेला नाही. पोराला घोडा कसा चालतो इथनं सुरुवात करायची असेल तर दुसरीकडं जा, चांगले क्लास भरपूर आहेत.

पण शिकवण्याच्या दोन गोष्टी अशा मिळाल्या की मी या सगळ्याकडं काणाडोळा करायला तयार आहे. एक छोटीच आहे, राजाला घोड्याच्या शहापासून वाचवायचं तर त्याच्यापासून तिरकं दोन घरं लांब उभं करायचं, तिथं घोड्याला शह द्यायला तीन चाली लागतात. "पावसात छत्री" म्हणतात ते त्याला. मी त्या रात्री रांगेत सगळी घरं मोजून बघितली, कुठंही ठेवा, तीनच लागतात, फक्त पटाच्या कडेकोपऱ्याला जरा जपून. टाइम प्रेशरमध्ये याच्यापेक्षा उपयोगी काही नाही.

दुसरी मोठी. घोड्याला चाल वाया घालवता येत नाही. राजा तीन चालीत त्याच घरात परत येऊ शकतो, दोन चालीत पण येऊ शकतो, घोडा नाही. प्रत्येक उडीला घराचा रंग बदलतो, काळं पांढरं काळं पांढरं, परत त्याच घरी यायचं तर जोडीनंच उड्या लागणार. ह्याचा त्यांनी मांडून दाखवलेला पट बघून मी दोन मिनिटं हसत होतो. पांढरा राजा ए८ कोपऱ्यात, त्याचंच प्यादं ए७ वर पुढं अडकलेलं, काळा राजा सी७-सी८, सी७-सी८ असा येरझाऱ्या घालतोय म्हणजे पांढरा राजा कोपऱ्यातनं निघत नाही. पांढऱ्याकडं अख्खा घोडा मोकळा आहे, पटावर कुठंही फिरू दे. चाल पांढऱ्याची असताना घोडा आणि काळा राजा एकाच रंगाच्या घरावर असतील तर जन्मभर फिरलात तरी बरोबरीच, वेगळ्या रंगावर असतील तर जिंकलात. म्हणजे गेम खेळायच्या आधीच, नुसता रंग बघून निकाल सांगता येतो! मी म्हटलं सर आमच्याकडं मोटरीत कनेक्शन उलटं पडलं तर अशीच उलटी फिरते, कितीही जोर लावा. ते म्हणाले, तुम्हाला कळलं मग, चला चहा घेऊया. चहा चांगला होता, गूळ घातलेला, आलं जरा जास्त.

पार्किंगचं सांगायचं राहिलं. गल्लीत टू-व्हीलर पण लागत नाही, लांब मोठ्या रस्त्याला लावून चालत या. तिसरा मजला, लिफ्ट नाही. यूपीआय चालतं, पण ते स्कॅनर सुनेच्या खोलीत आहे, म्हणून रोख न्या. रविवार आणि गुरुवार संध्याकाळीच, आणि नऊला खालचं दार लागतं, म्हणजे लागतंच.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या जिन्यातल्या स्टुलाबद्दल कापला.

निघताना होमवर्क दिलाय. काळा राजा जी३, प्यादं एच३, पांढरा राजा तसाच लांब बी७ वर, चाल पांढऱ्याची. पांढरा घोडा पटावरच्या कुठल्या कुठल्या घरावर असला तर बरोबरी, ती सगळी घरं लिहून पाठवायची, टेबलबेस न बघता. "बघून लिहिलं तर मला कळतंय, सगळी बरोबर येतात." मी नऊ घरं शोधून गुरुवारी पाठवली. उत्तर आलं, "अजून हाईत." मग परवा रात्री दुकान बंद करून परत बसलो, आणखी तीन सापडली, त्यातल्या एकाबद्दल माझी मलाच खात्री नाही, पाठवली. निळ्या टिका आल्यात. अंगठा अजून नाही.